बोटाचा हमीभाव

वऱ्हाडात कुणाचं बोट तुटलं की भेटायला येणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "कोन्या हाताचं?" 'डाव्या' म्हटलं की त्याचा चेहरा उजळतो. "मंग बरं हाय ना बाप्पा! उजवा तं वाचला." 'उजव्या' म्हटलं तरी तो अडत नाही. "बोटावर निभावलं म्हना. हातच गेला असता तं?" हात गेलेल्याला "जीव वाचला" सांगतात आणि जीव गेलेल्याच्या घरी जाऊन "हाल नाई झाले बिचाऱ्याचे" म्हणतात. समाधान करण्यात आमचा जिल्हा कुणाला हार जायचा नाही. या सगळ्यात पैशाची गोठ काढायला मात्र कुणाला जागा सापडत नाही.

आणि हाच माणूस कापूस विकायला निघाला की बघावा. सीसीआयच्या सरकारी खरेदी केंद्रावर ग्रेडरने ओलाव्याचं यंत्र गाडीत खुपसलं की याचा श्वास अडकतो. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, 12 च्या वर खरेदी बंद, मधल्या टक्क्यांना कात्री. यंत्राने साडेनऊ दाखवले की हा खाली उडी मारतो. "साहेब, तिकून नोका लावू, तिकून दयवर पडलं होतं. इकून लावा." मग इकून. मग मधून. मग "मशीनचा सेल उतरला असन." पाव टक्क्यासाठी अर्धा दिवस उन्हात उभा राहील. 2025-26 च्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव, क्विंटलला 8,110 रुपये, झोपेतून उठवून विचारला तरी सांगेल. अकोल्याच्या बाजार समितीत तुरीच्या पाच-दहा रुपयांवरून अडत्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारा हा गडी, जिनिंगमध्ये अंगठा गेला तर पंधरा हजार आणि गव्हाचा एक कट्टा घेऊन उठून येतो. वर मालकाच्या पाया पडतो.

आता सरकारने कापसासारखा बोटालाही भाव बांधून दिलेला आहे, आणि कापसाच्या कितीतरी आधी. कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1923 चा, लागू झाला 1 जुलै 1924 ला. त्या काळी वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं, कारभार इंग्रजांचा आणि कापसावर डोळा मुंबईच्या गिरण्यांचा. बोटं कुणाची, हे विचारायची पद्धतच नव्हती. तरी कायदा आला, त्याला एक अनुसूची जोडली गेली आणि ती दुरुस्त होत होत आजवर आली. कोर्टाजवळच्या माझ्या टायपिंगच्या दुकानात ती अनुसूची भिंतीला चिकटवलेली आहे. गिऱ्हाईक बसल्या बसल्या वाचतं आणि नकळत आपला हात खिशात घालतं.

अंगठा 30 टक्के. तर्जनी 14. मधलं बोट 12. तर्जनीचा भाव मधल्या बोटापेक्षा चढा, कारण दुसऱ्याकडे दाखवायला तीच लागते, हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक असावं. अनामिका आणि करंगळी दोन्ही 7, म्हणजे लग्नातल्या अंगठीचं बोट आणि शाळेत गुरुजींना दाखवायचं बोट एकाच दरात. हाड शाबूत राहून तर्जनीचं नुसतं टोक उडालं तर 5, करंगळीचं उडालं तर 2. एका हाताची चार बोटं 50, अंगठ्यासकट सगळा पंजा 60. एक डोळा गेला 40, डोळा जागेवर राहून नजरच गेली तर 30. आणि भेटायला येणाऱ्या मंडळींनी खास लक्ष द्यावं अशी बाब म्हणजे या कोष्टकात डावं-उजवं नाही. वर स्पष्ट लिहिलंय: कुठलाही हात.

हे टक्के कशाचे, ते पुढचं गणित. पूर्ण अपंगत्व आलं असतं तर महिन्याच्या पगाराचे 60 टक्के घ्यायचे आणि त्याला वयाच्या आकड्याने गुणायचं. पंचविशीतल्या माणसाचा आकडा 216.91, पस्तिशीतल्याचा 197.06, पन्नाशीतल्याचा 153.09. जेवढा तरुण तेवढा आकडा मोठा, कारण तेवढी कमाई पुढे बाकी. इथे आमच्याकडच्या शाळामास्तरांची आठवण काढायला हवी. पोराला शाळेत घालताना वय कुणाला माहीत नसायचं, तेव्हा त्यांनी निम्म्या गावाला 1 जून ही जन्मतारीख वाटून टाकली. त्या मास्तरांनी सहज म्हणून कमी-जास्त लिहिलेल्या एका वर्षाची किंमत आज हजारांत निघते. पगाराला मात्र छप्पर आहे: 2020 पासून महिन्याला 15,000. तुम्ही 25,000 कमवा, बोट तुटताना तुम्ही 15,000 चेच.

आमच्या गल्लीतला एक गडी दर्यापूर-अकोट पट्ट्यातल्या एका जिनिंगमध्ये कामाला होता. वय 35, पगार 12,000, गेला उजव्या हाताचा अंगठा. 12,000 चे 60 टक्के 7,200. गुणिले 197.06, झाले 14,18,832. त्याचे 30 टक्के, 4,25,649 रुपये 60 पैसे. हा हिशेब मी कालनिर्णयच्या मागच्या पानावर करून दाखवला, तेव्हा त्याने आधी कॅलेंडरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग हळूच विचारलं, "भाऊ, तुमचं बीपी बरोबर हाय ना?" त्याचा म्हातारा बाप कोपऱ्यात बसला होता. त्याने एवढंच ऐकलं की पोराला तीस टक्के पडले. "अन् पासिंगले तं पस्तीस लागतात ना बे," तो खिन्नपणे म्हणाला.

अंगठा गेला कसा तेही सांगायला हवं, कारण गावात त्याच्या अनेक आवृत्त्या फिरत होत्या. डबल रोलर जिनमध्ये चामड्याचे दोन रोलर फिरत असतात आणि त्यांना सुरी टेकलेली असते. रोलर कापसाचे तंतू ओढून नेतो, सरकी सुरीपाशी अडून खाली पडते. कापूस कोरडा असला तर मशीन गुणी बाळासारखी चालते. ओला आला की रुई रोलरला गुंडाळते. नियम असा की बटन बंद करायचं, रोलर थांबू द्यायचा, मग गुंडाळी काढायची. पण बटन बंद झालं की शेडमधला तो घर्रर्र आवाज कमी होतो आणि आवाज कमी झालेला मुकादमाला अर्ध्या झोपेतही कळतो. तो तिकडून ओरडतो, "कोन्या बापानं बंद केली बे?" म्हणून गुंडाळी चालू मशीनवरच काढायची असते. रोलरवरचं झाकण दसऱ्याच्या पूजेला काढलेलं, ते पुन्हा बसवलेलं नव्हतं. बसवलं तर गुंडाळी काढायला हात जात नाही ना.

दुसऱ्या दिवशी शेटजींनी, म्हणजे जिनिंगच्या मालकांनी, मशीनला नारळ फोडला. रोलरचं चामडं बदललं, सुरीला धार लावली, हळद-कुंकू वाहिलं आणि संध्याकाळी शेडमध्ये सगळ्यांना वांग्याची भाजी अन् रोडग्यांचं जेवण दिलं. "महाराजाच्या कृपेनं थोडक्यात भागलं," ते म्हणाले. शेटजी माणूस वाईट नाही, हे मी इथेच लिहून ठेवतो. दवाखान्यात ते स्वतः गेले, नारळपाणी नेलं, सगळं बिल भरलं आणि "बरा झाला की शेगावले नेतो, गाडी माही" असा शब्द दिला. बिल भरल्याची गोष्ट त्यांनी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितली की शेवटी बिलाची रक्कम दुप्पट झाली होती. उपचाराचा खरा खर्च मालकाने द्यायचाच असतो आणि भरपाई त्याहून वेगळी असते, हे कायद्यात लिहिलंय. इतकंच काय, गडी घरी पडून असेल तितके दिवस दर पंधरवड्याला पगाराच्या चौथाईइतकी रक्कमही द्यायची असते. पण उपकाराच्या गर्दीत कायद्याला बसायला खुर्ची कोण देणार?

तुम्ही म्हणाल, ईएसआय, म्हणजे कामगारांचा राज्य विमा, आहे की. आहे. 10 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात ती लागते आणि जिथे ती लागते तिथे भरपाई महामंडळ देतं, मग मालकावर 1923 च्या कायद्याचा दावा करता येत नाही. डाळ मिलवाल्याला, तेल मिलवाल्याला ती लागू होईल. पण ईएसआयच्या कायद्याने 'हंगामी कारखाना' नावाची एक जात वेगळी काढली आहे, आणि तिच्या यादीत पहिलंच नाव कापूस जिनिंगचं. मग प्रेसिंग, मग भुईमूग फोडणं, पुढे गूळ, साखर, चहा. म्हणजे वऱ्हाडात ज्या धंद्यात बोटं जातात नेमका तोच धंदा बाहेर. मशीन दसऱ्यापासून मार्चपर्यंतच चालते, हे खरं. अंगठा मात्र मार्चनंतर परत उगवत नाही. असो. जिनिंगवाल्यांसाठी राहिलं आपलं जुनंच कोष्टक.

गडी दवाखान्यातून घरी आला आणि सल्लागारांची रीघ लागली. मुकादम आला, मेव्हणा आला, सरपंचांचा पुतण्या आला. सगळ्यांचं मत एकच: "कायले पेशीच्या भानगडीत पडतं? शेटजी काय परके हायेत का?" पेशी, म्हणजे कोर्टाची तारीख, या शब्दाचा आमच्याकडे फार धाक. माणूस पेशीवर गेला की तो उरला नाही असंच धरतात. शिवाय शेटजींनी नाही कुठे म्हटलं होतं? ते म्हणाले, "सीझन निंगू दे, मंग बसू." सीझन निघाला. मग म्हणाले पेरण्या होऊ दे. पेरण्या झाल्या, दुबार पेरण्याही झाल्या. मग पोळा. मग दसऱ्याला नवा सीझन सुरू, मग दिवाळीनंतर पाहू, मग महाराजांच्या प्रगटदिनानंतर नक्की. या पंचांगात एक तिथी कुणी छापत नाही: दावा अपघातापासून 2 वर्षांच्या आत लावायचा असतो. सबळ कारण असेल तर भरपाईचे दावे ऐकणारे आयुक्त उशीर माफ करू शकतात, पण 'शेटजी पोळ्यानंतर बसू म्हणाले होते' हे कारण सबळ की दुबळं, याची परीक्षा आपल्या बोटावर कुणी घ्यावी!

शेवटी वहिनी उठल्या. वहिनी म्हणजे त्या गड्याची बायको. कापूस वेचायच्या दिवसांत टोळीचा हिशेब त्याच ठेवतात. आजवर एकाही शेतमालकाला त्यांच्या टोळीचा एक किलोसुद्धा कमी भरता आलेला नाही. त्या माझ्या दुकानात आल्या, भिंतीवरची अनुसूची वाचली आणि म्हणाल्या, "लिहा भाऊ नोटीस." मी लिहिली. नोटीस पोचली त्या दिवसापासून शेटजींची स्मरणशक्ती एकेका खणाने रिकामी होऊ लागली.

आधी पगार विसरले. पोरीच्या लग्नात "आपल्याकडे गड्याले बारा हजारापेक्षा कमी देतच नाई" असं व्याह्यांना सांगणारे शेटजी आता म्हणू लागले की महिन्याला पाच-सहा हजार पडत असतील, तेही आला तर. हजेरीच्या वह्या दोन निघाल्या. एकीत अंगठ्याचे ठसे भरपूर आणि आकडे कमी, दुसरीत आकडे भरपूर आणि ठसेच नाहीत. पगार बँकेत कधी गेलेला नव्हता. दर शनिवारी मुनीम हातावर ठेवायचा, आणि हात तर आता पुरावा म्हणून चालेना. शेवटी किराणा दुकानदाराची उधारीची वही कामी आली. महिन्याला एवढा किराणा नेऊन तो नियमित फेडणारा माणूस पाच हजारांत कसा भागवेल, हे गड्याच्या वकिलाने त्या वहीवरूनच मांडायचं ठरवलं.

मग शेटजी माणूसच विसरले. "तो आमचा गडीच नाई. ठेकेदाराचा हाय." ठेकेदार कोण? ठेकेदार म्हणजे मुकादमच. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "मी कायचा ठेकेदार? मी बी शेटजीचाच गडी." हा अंगठा आता दोघांकडून एकमेकांच्या अंगणात सरकवला जाऊ लागला. कायद्याने या खेळाची सोय आधीच करून ठेवली आहे. ठेकेदाराचा माणूस असला तरी काम ज्याच्या धंद्याचं, त्या मूळ मालकाने आधी भरपाई द्यायची आणि मग हवी तर ठेकेदाराकडून वसूल करायची. मुकादमाकडून वसूल करायचं म्हणजे काय, हे शेटजींना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांनी तो मुद्दा सोडला.

तिसरा मुद्दा आला तो दारूचा. चूक कामगाराची होती, लक्ष नव्हतं, घाई केली, यातलं काहीही सिद्ध झालं तरी या कायद्यात मालक सुटत नाही. सुटायला कामगार नशेत असावा लागतो, किंवा त्याने जाणूनबुजून सुरक्षेचा नियम मोडलेला, झाकण मुद्दाम काढलेलं असावं लागतं. तेही मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर चालत नाही. साहजिकच गावात एकाएकी कुजबुज सुरू झाली की गडी त्या दिवशी पिऊन होता. गडी माळकरी. दरवर्षी शेगावला पायी जातो. लग्नात पंगतीला कांद्याची भाजी असली तर ताट सरकवतो. त्याला पाजायची म्हणजे गावाच्या कल्पनाशक्तीला भलताच ताण होता. शेवटी मुकादमानेच कच खाल्ली, कारण नशेत असलेल्या माणसाला मशीनवर कुणी उभं केलं, हा पुढचा प्रश्न त्याच्याच अंगावर येत होता. झाकणाबद्दलही तेच. ते दसऱ्याच्या पूजेला शेटजींच्या हस्ते निघालं होतं, फोटोसकट. फोटो मुनिमाने स्टेटसला ठेवला होता.

इकडे मुनीम एक कागद घेऊन गड्याच्या घरी येऊन गेला होता. पाचशेच्या स्टॅम्पवर सुबक टाइप केलेला (माझ्याकडे नव्हे, समोरच्या दुकानात). 'मला सर्व रक्कम पूर्ण व अंतिम मिळाली असून यापुढे माझी कोणतीही तक्रार, दावा, हक्क राहिलेला नाही.' रक्कम चाळीस हजार. खाली रेषा आणि रेषेखाली छापलेलं: उजव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा. मुनिमाने शाईचा पॅड पुढे केला. गड्याने पट्टी बांधलेला हात पुढे केला. दोघेही थोडा वेळ एकमेकांकडे पाहत राहिले. मुनीम म्हणाला, "मंग डाव्याचा चालन."

चालत नाही. डाव्याचाही चालत नाही अन् सहीही चालत नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने रद्दबातल ठरवला आहे. तडजोड करायची तर करा, पण तिचा कागद आयुक्तांकडे नोंदवावा लागतो, आणि रक्कम अपुरी वाटली किंवा कुणी फसवून, दडपून सही घेतली असं दिसलं तर आयुक्त नोंद नाकारू शकतात. कुठे कामगार न्यायालयाचे न्यायाधीश, कुठे दिवाणी न्यायाधीश हे आयुक्तपद सांभाळतात. कामगार दगावला असेल तर मालकाने परस्पर विधवेच्या हातात पैसे टेकवलेले हिशेबातच धरत नाहीत, ते आयुक्तांकडेच भरावे लागतात. असा नियम करणाऱ्याला आमच्याकडचे दीर-भावजयांचे व्यवहार माहीत होते की काय, कोण जाणे.

शेटजींच्या वकिलाने मग टक्क्यांना हात घातला. अंगठा गेला म्हणजे काम कुठे गेलं? चौकीदारी करता येते, पाणी भरता येतं, सरकी झाडता येते. हे युक्तिवाद ऐकले की मला ओडिशातला तो सुतार आठवतो. 1968 च्या जुलैत सिनेमा थिएटरच्या सजावटीचं काम करताना तो पडला आणि डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालकाचं म्हणणं तेच, आमच्या भेटायला येणाऱ्या मंडळींचं: डावाच गेला ना, उजवा तं हाय. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टाने 1975 साली सांगितलं की सुतारकाम एका हाताने होत नाही, तेव्हा या माणसापुरतं हे पूर्ण अपंगत्व. भरपाई 9,800 रुपये आणि वर दंड. प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता हे त्या निकालाचं नाव. पन्नास वर्षं झाली, अजून वकील मंडळी तो काखेत घेऊन फिरतात. त्याच निकालाने दुसरीही एक गोष्ट पक्की केली: भरपाई देणं लागतं ते अपघाताच्या दिवसापासून, कोर्टाने आकडा सांगितल्या दिवसापासून नव्हे.

आणि इथेच शेटजींच्या पंचांगाचं गणित चुकलं. देय झाल्यापासून महिन्याभरात रक्कम दिली नाही तर वर्षाला 12 टक्के सरळ व्याज. योग्य कारणाशिवाय थकवली तर वर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. पेरण्या, पोळा, दसरा, प्रगटदिन, प्रत्येक सणाला गड्याच्या खात्यात महिन्याला चार हजारांहून जास्त चढत होते. एवढं व्याज कुठलीच बँक मुदतठेवीला देत नाही. "म्हंजे शेटजी थांबा म्हनले ते आपल्याच भल्यासाठी," गडी भोळेपणाने म्हणाला. वहिनींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

थांबायचं किती, यालाही आमच्या मराठी मुलखात दाखला आहे. धाराशिवकडे साखर कारखान्याचा एक पहारेकरी 2003 च्या एप्रिलमध्ये पहाटे 3 च्या पाळीला मोटारसायकलवर निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटर राहिला असताना वाटेत अपघातात गेला. आयुक्तांनी 3,26,140 रुपये आणि व्याज मंजूर केलं. विमा कंपनी म्हणाली, अपघात कारखान्यात कुठे झाला? हायकोर्टाला ते पटलं. शेवटी 2025 च्या जुलैत सुप्रीम कोर्टाने आयुक्तांचा आदेश परत जागेवर ठेवला: वेळ, जागा आणि नोकरी यांचा धागा जुळत असेल तर कामावर जाता-येतानाचा अपघातही कामावरचाच. पहाटे अडीचला माणूस हवापालट करायला निघत नाही, हे ठरायला बावीस वर्षं गेली. पुढे 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, 1923 चा कायदा तिच्या पोटात गेला आणि जाण्या-येण्याचा मुद्दा तिच्यात लिहूनच टाकला गेला. बोटांचं कोष्टक जवळपास तसंच राहिलं, जिनिंगही हंगामीच राहिलं. आमच्या गड्याचा अंगठा त्याआधीच गेलेला, म्हणून त्याचा हिशेब जुन्याच वहीत.

निकाल विरुद्ध गेला तर अपील करू, नागपूरला जाऊ, असं शेटजी एकदा म्हणाले. त्यांच्याच वकिलाने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की मालकाला अपील करायचं तर मंजूर झालेली सगळी रक्कम आधी भरावी लागते, मगच हायकोर्टाची पायरी. शेटजी बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी निरोप पाठवला: या बसू.

बसलो. गादीवर शेटजी, शेजारी मुनीम, दाराशी मुकादम, समोर गडी आणि वहिनी, आणि कागद लिहायला मी. आलूबोंडे आले, चहा आला. शेटजी पन्नासपासून सुरू झाले. "बाई, घरची गोठ हाय. किती वर्सं झाले हा माह्याकडे."

"कालपर्यंत तुमचा गडीच नव्हता ना शेटजी," वहिनी म्हणाल्या.

शेटजी पंचाहत्तरवर आले. मग एक लाखावर, मग मुनिमाच्या कानात काहीतरी बोलून दीडवर. प्रत्येक आकड्यासोबत ते एक जुनी आठवण काढत होते: पोरीच्या बारशाला दिलेलं झबलं, सासू वारली तेव्हा पाठवलेली गाडी, दवाखान्याचं बिल, नारळपाणी. वहिनी प्रत्येक आठवणीला मान डोलवत होत्या आणि आकडा आला की थांबत होत्या. दोन लाखांवर शेटजी घामाघूम झाले. "बाई, आता पाह्य, याच्या वर माही ताकद नाई. अंगठ्याचे दोन लाख! अख्ख्या अमरावती जिल्ह्यात कोनी देल्ले असतील तं सांग."

वहिनींनी पिशवीतून कॅलेंडरचं पान काढलं, चार घड्या उलगडल्या आणि गादीवर ठेवलं. व्याज वेगळं, दंडाचा अर्ज अजून केला नाही, तोही वेगळा, हे मी वाचून दाखवलं. मुनिमाने मोबाईलवर गुणाकार करून पाहिला. पुन्हा करून पाहिला. मग त्याने मोबाईल शेटजींपुढे धरला आणि स्वतः आलूबोंड्याकडे वळला.

तास-दीड तास गेला. शेवटी शेटजी म्हणाले, "ठीक हाय. कायद्याचा आकडा देतो. साहेबाम्होरं कागदबी नोंदवतो. पन व्याज-दंडाची गोठ सोड, अन् आकड्यातून काईतरी कमी कर. मी बी एवढा बसलो, माही काई इज्जत?"

"व्याज धा दिवसांत देल्लं तं दंडाचा अर्ज करत नाई," वहिनी म्हणाल्या. "व्याज नाई सुटत. पन तुमची इज्जत ठेवतो. साठ पैशे सोडले."

शेटजींनी मुनिमाकडे पाहिलं. मुनिमाने मान हलवली. "लिहा भाऊ," शेटजी मला म्हणाले, "साठ पैशे कमी करून लिहा."